सहाणेचे बारा गुंठे, लालबागेतलं मृत्युपत्र आणि आत्यांचा हिस्सा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी तो माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी कुठे चुकीचं समजलो असेन तर तुमच्या लगेच लक्षात येईल.

राजापूर तालुक्यात तुमचं घर आहे आणि १ हेक्टर २० आर जमीन आहे, म्हणजे जवळजवळ १२० गुंठे. त्यात हापूसची कलमं. आजोबा १९८८ मध्ये गेले तेव्हा सातबारावर फक्त काकांचं नाव 'एकुम' (एकत्र कुटुंब मॅनेजर) म्हणून लागलं, ते आजही तसंच आहे. आजी १९९६ मध्ये गेली. आजोबांना चार मुलं: तुमचे वडील, काका आणि दोन आत्या. थोरली आत्या २०१९ मध्ये गेली, तिची मुलं चिपळूणला असतात. धाकटी पुण्यात आहे. वडिलांचं आयुष्य लालबागच्या चाळीत गेलं. तिथेच २०१७ मध्ये त्यांनी मृत्युपत्र केलं आणि २०२३ मध्ये ते गेले. आई त्याआधीच, २०१५ मध्ये गेली होती. तुम्ही दोघे भाऊ आणि एक बहीण. मृत्युपत्रात घर तुम्हाला, बाग दोघा भावांना, आणि शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी जिथे बसते त्या सहाणेभोवतीचे १२ गुंठे देवस्थानला. बहिणीचा उल्लेख नाही. आता देवस्थानचे विश्वस्त म्हणतात नाव लावून द्या. धाकटी आत्या हिस्सा मागते. काका म्हणतात, आत्यांची लग्नं १९९४ च्या कितीतरी आधी झाली, त्यांचा संबंध नाही. आणि भाऊ म्हणतो, प्रोबेट (मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला) घेतलेलं नाही म्हणून मृत्युपत्राला किंमतच नाही.

तुम्ही विचारलंय, 'नव्या कायद्यांप्रमाणे कोणाला किती?' माझ्या मते तुमचा खरा प्रश्न त्याच्या एक पायरी आधीचा आहे. वडिलांनी जे दिलं, ते वडिलांचं होतं का? मृत्युपत्र कितीही चोख असो, माणसाला स्वतःचं आहे तेवढंच देता येतं. आणि वडिलांचं किती होतं, ते मृत्युपत्र वाचून कळत नाही. ते फेरफार, म्हणजे सातबारावर हक्क बदलल्याच्या नोंदी, वाचून कळतं.

अठ्ठावीस वर्षं मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या दिवाणी कोर्टांत मुख्यतः वाटपाचे दावे चालवतो आहे. पक्षकार मृत्युपत्र पुढे करतो तेव्हा मी ते बाजूला ठेवतो आणि सातबारावर वर्तुळात लिहिलेले फेरफार क्रमांक आधी वहीत उतरवून घेतो. त्यातल्या प्रत्येक क्रमांकाची नक्कल काढायची आणि मागे मागे जात राहायचं. नवे फेरफार सहज मिळतात. जुन्यांसाठी तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात अर्ज करावा लागतो. काही कागद मोडीत निघतात, त्यासाठी मोडी वाचणारा माणूस गाठावा लागतो. यात महिना-दोन महिने जातात, पण पुढची वर्षं वाचतात. म्हणून तुम्हाला पहिलं सांगणं हेच: कोणाशीही वाटण्यांची बोलणी करण्याआधी प्रत्येक गट नंबर आजोबांकडे कोणत्या वाटेने आला ते शोधा.

आपल्याकडे अशा वाटा साधारण तीन दिसतात. एक, जमीन पणजोबांकडून आलेली. इथे पणजोबा कधी वारले याला फार महत्त्व आहे, कारण हिंदू उत्तराधिकार अधिनियम १७ जून १९५६ पासून लागू झाला. ते त्याआधी वारले असतील तर जमीन आजोबांच्या हातात वडिलोपार्जित म्हणून आली आणि तिच्यात पुढच्या पिढ्यांना जन्माने हक्क मिळाला. त्यानंतर वारले असतील, आणि जमीन आधीपासूनच एकत्र कुटुंबाची नसेल, तर आजोबांना ती वारस म्हणून, स्वतःची म्हणून मिळाली. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ पासून हेच धरलेलं आहे, तरी 'बापाकडून आली म्हणजे वडिलोपार्जित' हा समज गावोगाव अजून घट्ट आहे. दोन, कुळकायद्याने आलेली. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन. त्यानंतर कुळांना त्या कायद्याच्या कलम '३२-ग' खाली किंमत ठरवून जमिनी मिळाल्या आणि '३२-म' चं प्रमाणपत्र झालं. अशी जमीन आजोबांची स्वतःची की कुटुंबाची, हे कुळवहिवाट कोणाच्या काळापासून होती यावर ठरतं. तीन, खरेदीची. आजोबांनी गिरणीच्या पगारातून घेतलेली जमीन असेल तर ती सरळ त्यांची.

तुमचे गट या तिन्हींत विभागलेले असू शकतात. घराखालची जमीन एका प्रकारची, सहाणेची दुसऱ्या, बागेची तिसऱ्या. तसं असेल तर एकच उत्तर सगळ्याला लावता येणार नाही.

आता आत्यांचं बघू. काकांनी जे ऐकलंय ते एके काळी बरोबर होतं. महाराष्ट्राने १९९४ मध्येच मुलींना सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत जन्माने हक्क असलेली वाटेकरी, केलं होतं, पण २२ जून १९९४ पूर्वी लग्न झालेल्या मुलींना त्यातून वगळलं होतं. पुढे केंद्राची दुरुस्ती आली आणि ९ सप्टेंबर २००५ पासून मुलगी जन्मानेच मुलासारखी सहदायाद झाली. लग्न कधी झालं हा प्रश्नच त्यात उरला नाही. तरीही 'बाप २००५ मध्ये हयात हवा' असा एक वाद पंधरा वर्षं चालला. तो सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी विनीता शर्मा प्रकरणात ११ ऑगस्ट २०२० रोजी मिटवला: बाप हयात असण्याची गरज नाही, मुलगी त्या दिवशी हयात हवी. तुमच्या दोन्ही आत्या २००५ मध्ये हयात होत्या. थोरली नंतर गेली, तेव्हा तिचा हिस्सा तिच्या मुलांकडे आणि तिचे यजमान असतील तर त्यांच्याकडेही गेला. ती २००५ च्या आधी गेली असती आणि जमीन वडिलोपार्जित निघाली असती, तर हिशेब बदलला असता. म्हणून माझ्याकडे कोणी आलं की मी मृत्यूच्या तारखा दाखल्यावरून घेतो, आठवणीवरून घेत नाही.

आणि जमीन आजोबांची स्वतःची असेल तर २००५ च्या कायद्याची गरजच पडत नाही. बापाच्या स्वतःच्या मिळकतीत मुलगी १९५६ पासूनच मुलाच्या बरोबरीची वारस आहे. म्हणजे तुमच्या घरात कोणत्याही वाटेने गेलं तरी आजोबा-आजींच्या पश्चात चार मुलांचे चार सारखे हिस्से पडतात, प्रत्येकी सुमारे ३० गुंठे. घरातही तसाच चौथा हिस्सा. पूर्वी राहत्या घराचं वाटप मागायला मुलींना मनाई होती, घरातले पुरुष आधी वाटप मागतील तेव्हाच त्यांना मागता येई. हिंदू उत्तराधिकार अधिनियमाचं ते कलम २३ सुद्धा २००५ मध्येच गेलं.

काकांनी 'आम्हा दोघा भावांचं १९९० मध्ये तोंडी वाटप झालंय' असंही म्हटल्याचं तुम्ही लिहिलंय. ते टिकणं फार कठीण आहे. २० डिसेंबर २००४ पूर्वीचं नोंदणीकृत वाटपपत्र किंवा कोर्टाचा हुकूम असता तर तो विषय संपला असता. तोंडी वाटप कोर्ट अपवादानेच मानतं, तेही सरकारी दप्तरात त्याचा त्या काळापासूनचा ठोस पुरावा असेल तर. तुमच्या सातबारावर आजही एकाच माणसाचं नाव 'एकुम' म्हणून आहे, आणि हाच कागद त्या वाटपाच्या विरुद्ध बोलतो. शिवाय बहिणींना बाहेर ठेवून भावांनी केलेलं वाटप बहिणींना बांधत नाही.

आता वडिलांचे ३० गुंठे. इथे मघाची वाट महत्त्वाची ठरते. जमीन आजोबांची स्वतःची होती असं निघालं, तर वडिलांचा चौथा हिस्सा पूर्ण त्यांचा. तो ते मृत्युपत्राने कोणालाही देऊ शकत होते, आणि बहिणीला त्यातून काही मिळणार नाही. जमीन वडिलोपार्जित निघाली तर तुम्हा तिघांनाही जन्माने हक्क आहे. एकदा आकडे मांडून दाखवतो. १२० गुंठ्यांचे आजोबा, आजी आणि चार मुलं असे सहा भाग धरले तर प्रत्येकी २० येतात. आजोबांच्या २० चे आजी आणि चार मुलं असे पाच वारस, म्हणून वडिलांना ४ मिळाले, पुढे आजीच्या २४ (२० अधिक ४) पैकी ६. हे १० त्यांचे स्वतःचे. उरलेल्या २० मध्ये ते आणि तुम्ही तीन भावंडं असे चार सहदायाद, म्हणून त्यांचे त्यात ५. म्हणजे वडिलोपार्जित धरून चाललो तर मृत्युपत्राने देण्यासारखं त्यांच्याकडे ३० नव्हे, सुमारे १५ गुंठे होतं. त्यातले १२ देवस्थानला गेले तर बागेसाठी ३ उरतात. तुमचे, भावाचे आणि बहिणीचे प्रत्येकी ५ गुंठे मृत्युपत्रातून येत नाहीत, ते जन्माने आहेत, आणि बहिणीचे ५ मृत्युपत्रात तिचं नाव नाही म्हणून जात नाहीत. स्वतःचा अविभक्त हिस्सा मृत्युपत्राने देता येतो, ते हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम ३० मध्ये स्पष्ट आहे. पण 'सहाणेभोवतीचे हेच १२ गुंठे' किंवा 'हे घर' असं बोट ठेवून एकट्या वडिलांना देता येत नव्हतं, कारण वाटप होईपर्यंत त्या मातीच्या प्रत्येक ढेकळात चौघांचा हिस्सा आहे. वाटपात तो तुकडा वडिलांच्या फाळ्याला आला, तर त्यांची इच्छा तिथे पुरी होऊ शकते.

भावाच्या प्रोबेटच्या मुद्द्यावर थोडक्यात. तो अगदीच चूक बोलत नव्हता, फक्त मधल्या काळात कायदा बदलला. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम २१३ प्रमाणे बृहन्मुंबईत केलेल्या, किंवा तिथल्या स्थावर मिळकतीबद्दलच्या हिंदूच्या मृत्युपत्राखाली कोर्टात हक्क सांगायला प्रोबेट लागत असे. म्हणून चाकरमान्यांच्या घरांत एक विचित्र फरक पडायचा. बापाने लालबागेत सही केली तर गावच्या जमिनीसाठीही प्रोबेट लागायचं, आणि डोंबिवलीत किंवा राजापुरात केली तर लागायचं नाही. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने हे कलमच काढून टाकलं. त्याआधी सुरू झालेली प्रकरणं वेगळी तपासावी लागतात, पण तुम्ही अजून कोर्टात गेलेलाच नाही, त्यामुळे तुमच्या वाटेत तो अडसर राहिलेला नाही असं मी धरतो.

यातून लोक असा अर्थ काढायला लागलेत की आता मृत्युपत्र सिद्ध करावं लागत नाही. तसं अजिबात नाही. कोणी आव्हान दिलं तर दोन साक्षीदारांपैकी हयात असलेला निदान एक कोर्टात उभा करून सही शाबीत करावीच लागते. नोंदणी नसली तरी मृत्युपत्र चालतं, साक्षीदाराशिवाय मात्र ते अडतं. एका मुलीला पूर्ण वगळलं असेल तर कोर्ट कारण शोधतं. मृत्युपत्र लिहून घेताना तुम्ही स्वतः पुढाकार घेतला होता का, हेही बघतं. तुमचे साक्षीदार चाळीतले शेजारी आहेत असं तुम्ही लिहिलंय. त्यांचे आजचे पत्ते मिळवा. त्यांतले एक वयस्क असतील तर वकिलाला हे आजच सांगा, पुढच्या वर्षी नको.

आता देवस्थान. मला या प्रश्नात सगळ्यात जास्त काळजी याची वाटते, कारण घरातलं भांडण चार भिंतींत राहतं, देवळाचं भांडण अख्ख्या गावात पसरतं आणि मग दोन-दोन शिमगे पालखीच निघत नाही. असं झालेलं मी पाहिलंय. ज्या बापाने श्रद्धेने जागा दिली, त्याच्या नावाने गावात दोन तट पडलेले पाहिलेत.

पहिली तपासणी: सहाणेची जमीन कुळकायद्याची आहे का? सातबाराच्या 'इतर अधिकार' रकान्यात 'कु.का. कलम ४३ ला पात्र' किंवा त्या अर्थाची नोंद दिसते का ते बघा. तशी असेल तर ती जमीन मृत्युपत्राने देवस्थानला सरळ जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने जून २०२० मध्ये विनोदचंद्र कापडिया प्रकरणात सांगितलं की शेतकरी नसलेल्या परक्या व्यक्तीला अशी जमीन मृत्युपत्राने देणं हेही कलम ४३ आणि ६३ च्या मनाईत येतं. ते प्रकरण गुजरातचं होतं, पण कायदा मूळ एकच, १९४८ चा मुंबई कुळवहिवाट कायदा. महाराष्ट्रात २०१४ पासून कलम ४३ ची अट सैल झाली आहे. जमीन घेऊन दहा वर्षं झाली असतील तर आकाराच्या (म्हणजे शेतसाऱ्याच्या) चाळीस पट रक्कम भरून ती हस्तांतरित करता येते. पण घेणारा शेतकरी हवा ही अट तशीच आहे, आणि विश्वस्त संस्था शेतकरी नसते. तिथे जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीची वाट धरावी लागते.

दुसरी तपासणी: देवस्थान नोंदलेलं आहे का? आपल्याकडे कित्येक ग्रामदेवतांचा कारभार गावकर आणि मानकरी पिढ्यानपिढ्या बघतात आणि न्यास म्हणून नोंद नसते, किंवा नोंद असते पण विश्वस्त मंडळातले बदल धर्मादाय कार्यालयात वीस-वीस वर्षं कळवलेले नसतात. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० प्रमाणे असा प्रत्येक बदल नव्वद दिवसांत बदल अर्जाने कळवायचा असतो. नव्याने मिळालेली स्थावर मिळकतही तशीच न्यासाच्या परिशिष्टावर (म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या त्याच्या नोंदीवर) चढवायची असते. तुमच्याकडे नाव लावायला आलेले गृहस्थ आज कागदोपत्री विश्वस्त आहेत का, ते परिशिष्टाचा उतारा काढून बघा. यात अविश्वास नाही. चुकीच्या माणसाने स्वीकारलेलं दान पुढे देवाच्याच अंगावर येतं.

तिसरी गोष्ट विश्वस्तांनी बहुधा तुम्हाला अजून सांगितलेली नसेल. 'ती जागा तुमच्या आजोबांनीच देवाला सोडली होती, मृत्युपत्राची गरजच काय' असा दावा पुढे येऊ शकतो. तो हसण्यावारी नेऊ नका. हिंदू धर्मशास्त्राप्रमाणे देवाला अर्पण करायला कागद लागतोच असं नाही, ते वर्तनावरून सिद्ध करता येतं. वडिलोपार्जित मिळकतीतला मर्यादित भाग धर्मकार्यासाठी देण्याचा अधिकार कर्त्याला आहे, १२० गुंठ्यांतली सहाणेपुरती जागा त्यात बसू शकते. पण पालखी बसते एवढ्याने अर्पण सिद्ध होत नाही. सहाणेचा कठडा कोणी बांधला, सारा कोण भरतो, शिमगा संपल्यावर तिथे तुमची गुरं बांधली जातात की नाही, गवत कोण कापतं, अशा साध्या गोष्टींवर ते ठरतं. आणि एखादी मिळकत सार्वजनिक न्यासाची आहे की नाही हा प्रश्न आधी धर्मादाय उप किंवा सहायक आयुक्तांपुढे चालतो, दिवाणी कोर्टात नाही. मी चालवलेल्या एका प्रकरणात दोन्ही बाजू आठ वर्षं दिवाणी कोर्टात भांडल्या आणि शेवटी तो मुद्दा धर्मादाय कार्यालयाकडेच गेला. आठ वर्षांत दोन्हीकडची म्हातारी माणसं, ज्यांना खरं माहीत होतं, ती गेली होती.

म्हणून तुमच्या जागी मी असतो तर मृत्युपत्राच्या आधारे १२ गुंठ्यांवर देवस्थानचं नाव लावायची घाई केली नसती. आधी सगळ्या हिस्सेदारांना एकदा सहाणेवर उभं केलं असतं. पालखी बसायला, नमन-खेळे व्हायला, माणसं उभी राहायला खरोखर किती जागा लागते ती मोजून घेतली असती. बहुतेक ठिकाणी ती चार-पाच गुंठ्यांच्या वर जात नाही. मग वाटपपत्रात तेवढा भाग वेगळा काढून तो सगळ्यांच्या सहीने, नोंदणीकृत बक्षीसपत्राने देवस्थानला दिला असता, किंवा मालकी कुटुंबाकडे ठेवून देवस्थानला वहिवाटीचा कायमचा हक्क नोंदवून दिला असता. यातलं काय योग्य ते तुमच्या कुटुंबाच्या मनावर आहे. मालकी दिलीत तर ती परत येत नाही, आणि पुढे न्यासालाही धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय ती विकता येत नाही. काही देणाऱ्यांना नेमकं हेच हवं असतं. तुकडेबंदीकडेही, म्हणजे शेतजमिनीचे फार लहान तुकडे पाडायला असलेल्या मनाईकडेही, लक्ष ठेवा. ऑगस्ट २०२३ पासून प्रमाणभूत क्षेत्र बागायतीला १० आणि जिरायतीला २० गुंठे आहे. त्याहून लहान तुकडा वेगळा काढताना परवानगीचा प्रश्न येतो, आणि तिथे वहिवाटीच्या हक्काची वाट सोपी पडते.

आता वारस नोंद. पूर्वीचे तलाठी, आताचे ग्राम महसूल अधिकारी, यांच्याकडे आजोबा, आजी, थोरली आत्या आणि वडील अशा चारही मृत्यूंची नोंद क्रमाने करून घ्या. सगळ्या वारसांची नावं द्या, आत्यांची आणि बहिणीचीसुद्धा. १ एप्रिल २०२५ पासून राबवलेल्या 'जिवंत सातबारा' मोहिमेमुळे अशा जुन्या नोंदींकडे कार्यालयं पूर्वीपेक्षा लक्ष देतात, 'एकुम'सारखे शेरे काढण्याचाही त्यात समावेश आहे. नाव गाळून केलेली वारस नोंद वकिलाला सहज सापडते, आणि मग गाळणाऱ्याच्या प्रत्येक शब्दावर कोर्टाचा विश्वास उडतो. फेरफाराने मालकी मिळत नाही, नाव नसल्याने ती जातही नाही. नोंद फक्त सगळ्यांना एका टेबलाशी आणते.

आत्यांशी बोलताना हक्कसोडपत्र घेऊन जाऊ नका, ही माझी तुम्हाला विनंती आहे. आमच्याकडे ही सवयच पडलीय: आत्या माहेरी आली, साडी नेसवली, स्टॅम्प पेपरवर सही घेतली. माझ्याकडे अशी एक सही आली होती, नोंदणी न केलेली. त्या बाई कोर्टात म्हणाल्या, 'मला जमीन नकोच होती. घर उघडं राहू दे एवढंच मी म्हणत होते. पण मला न सांगता सही घेतली याचं वाईट वाटलं.' नोंदणी नसल्याने तो कागद मालकी सोडल्याचा पुरावा म्हणून चाललाच नाही, आणि आधी विचारलं असतं तर त्यांनी स्वतःहून सही दिली असती. त्यामुळे आधी सगळे कागद आत्याला दाखवा, तिचा हिस्सा किती ते स्वतः सांगा, मग तिला काय हवंय ते विचारा. ती हक्क सोडणार असेल तर दुय्यम निबंधकांकडे नोंदवूनच, आणि कोणाच्या लाभात सोडते ते स्पष्ट लिहून. थोरल्या आत्याच्या बाजूने तिच्या सगळ्या मुलांच्या आणि असतील तर यजमानांच्या सह्या लागतील. मुद्रांक फार नाही. कुटुंबातल्या अशा दस्तांची शंभर-दोनशेची जुनी रक्कम ऑक्टोबर २०२४ पासून ५०० झाली, एवढंच.

आत्याने हिस्सा विकायचं ठरवलं तर? तुमच्या पट्ट्यात दलाल फिरताहेत असं तुम्ही लिहिलंय. हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणे सहवारसांना तो हिस्सा आधी विकत घेण्याचा हक्क आहे, आणि तो शेतजमिनीलाही लागतो असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं. म्हणजे तुम्हाला आणि काकांना आधी विचारलं जाण्याचा हक्क आहे, पण योग्य किंमत द्यायची तयारीही हवी.

काकांबद्दल एक बोलायचं राहिलं. तुमच्या लिहिण्यात त्यांच्याबद्दल राग दिसतो. हिस्सा त्यांचा चौथाच. पण १९८८ पासून कलमं त्यांनी जगवली, फवारण्या केल्या, राखण केली. वाटप करताना कोर्टही बघतं की ज्याने ज्या भागात मेहनत आणि पैसा घातला, तो भाग शक्यतो त्याच्या फाळ्याला जावा. कलमांची वाटणी क्षेत्रावर न करता झाडं मोजून, त्यांचं वय आणि धरण्याचं प्रमाण बघून केली तर भांडण निम्मं कमी होतं. आंब्याच्या आजवरच्या उत्पन्नाचा हिशेब तुम्हाला मागता येईल, पण ते खर्चाचा मागतील. मी माझ्या पक्षकारांना सहसा दोन्ही हिशेब सोडून द्यायला सांगतो. सगळे तयार झाले तर महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे वाटप करून घ्या किंवा वाटपपत्र नोंदवा. शेतजमिनीच्या वाटपपत्राची नोंदणी फी माफ करण्याचा निर्णय राज्य सरकारने मे २०२५ मध्ये घेतला आहे. एकजण जरी अडला तर मग वाटपाचा दावा, आणि त्याला वेळ लागतो.

शेवटी तुम्ही विचारलंय की यंदाच्या शिमग्यात पालखी सहाणेवर बसू द्यावी का, की त्याने तुमचा हक्क जाईल. बसू द्या. काका, धाकटी आत्या, थोरलीची मुलं आणि तुम्ही तिघं भावंडं, सगळ्यांच्या सहीचं एक साधं पत्र देवस्थानला द्या: आमच्या सामाईक जमिनीतल्या सहाणेवर दरवर्षीप्रमाणे पालखी बसवावी, त्यास आम्हा सर्वांची संमती आहे. त्याची पोच घ्या आणि एक प्रत फाइलला लावा. परवानगीने चाललेल्या वापरातून मालकीचा दावा उभा राहत नाही. एवढ्या सगळ्यांच्या सह्या एका कागदावर घ्यायला तुम्हाला चिपळूणला आणि पुण्याला जावं लागेल. जाताना फेरफारांच्या नकला सोबत घ्या.